माफ केलं तर नुकसान कोणी सोसायचं?

काल कट्ट्यावर माफीचा विषय निघाला आणि रात्री उशिरापर्यंत काही मिटेना. सुरुवात आमच्या वकिलाने केली. म्हणाला, तुमचं ख्रिश्चन लोकांचं बरंय रे, आयुष्यभर काहीही करा, शेवटी देवाला सॉरी म्हणा की खातं कोरं, येशूच्या शेजारी क्रुसावर खिळलेल्या त्या चोराला तर येशूने मरता मरता सुखलोकाचं वचन दिलं, मग ज्यांचं त्या चोराने लुटलं त्यांनी काय करायचं?

प्रश्न खरा आहे. मी लहानपणापासून चर्चला जातो आणि मलाही तो टोचतो, म्हणून उडवून नाही लावला. म्हटलं, खातं म्हणालास ना, मग हिशोबच बघू. बायबलमध्ये मत्तयच्या १८व्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावाला किती वेळा माफ करू, सात वेळा? येशू म्हणतो सातच्या सत्तर पट, आणि गोष्ट सांगतो. राजाच्या नोकरावर १०,००० टॅलंट कर्ज. एक टॅलंट म्हणजे चांदीची साधारण ६,००० नाणी आणि एक नाणं म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी.

वकिलाने मोबाईलवर कॅल्क्युलेटर काढला. ६ कोटी दिवस. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तरी २ लाख वर्षं. "हे फिटणारच नाही." तेच तर! राजाने ते सोडलं, आणि हाच नोकर बाहेर पडून १०० नाणी देणं लागणाऱ्याचा गळा धरतो. तो बिचारा याच्याच शब्दांत गयावया करतोय, जरा थांब, फेडतो तुझं, तरी याला आठवत नाही.

आता मला बोलायचं होतं ते हे की राजाने कर्ज सोडलं म्हणजे पैसे हवेत विरले का? नाही ना, राजाच्या तिजोरीत तेवढा खड्डा पडला. माफीने नुकसान नाहीसं होत नाही, माफ करणारा ते स्वतःच्या अंगावर घेतो. म्हणून तर तारणाबद्दल, म्हणजे पापातून सुटकेबद्दल, बोलताना बायबल खंडणी हा शब्द वापरतं, गुलामाला सोडवायला मोजायची किंमत, मार्क १०:४५ मध्ये येशू स्वतःच्या जिवाबद्दल तेच बोलतो. मला फुकट मिळालं, त्याला फुकट नाही पडलं. हे बोलताना माझा आवाज चढला होता.

वकील म्हणाला बरं, पण शिक्षेचं काय? म्हटलं शिक्षा वेगळी. पोप जॉन पॉल दुसरे यांना १९८१ मध्ये गोळ्या घातल्या, त्यांनी चारच दिवसांत माफ केलं, १९८३ मध्ये तुरुंगात जाऊन त्या माणसाला भेटले, तरी तो २००० पर्यंत इटलीच्या तुरुंगातच होता. आणि जक्कय बघ, लोकांना नाडणारा जकातदार, येशू काही अट न घालता त्याच्या घरी उतरला आणि मग त्याने आपणहून चौपट परत द्यायचं कबूल केलं. आधी माफी, मग परतफेड, हा क्रम आपल्याला पचत नाही.

इतका वेळ गप्प बसलेला आमचा एक मित्र, ज्याच्या भावाने त्याला हिश्श्यात फसवलंय, एकदम म्हणाला, "मग मी त्याच्याशी परत व्यवहार करायचा का?" म्हटलं नाही रे, माफ एकट्याने करता येतं, समेटाला दोघं लागतात. येशूला पकडलं त्या रात्री पेत्राने कोळशाच्या शेकोटीपाशी उभं राहून येशूला तीनदा नाकारलं, मी त्याला ओळखतच नाही म्हणाला. योहानाच्या शेवटच्या अध्यायात येशू पहाटे किनाऱ्यावर तशीच कोळशाची शेकोटी करतो, बायबलच्या नव्या करारात कोळशाच्या शेकोटीसाठीचा तो ग्रीक शब्द या दोनच ठिकाणी येतो, आणि पेत्राला तीनदाच विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटतं. झालं गेलं विसर असं येशू म्हणत नाही, जिथे दुखतंय तिथेच बोट ठेवतो.

"म्हणजे भावाने आधी शेकोटीपाशी यायला पाहिजे."

"शेकोटी येशूने पेटवली होती," मी म्हटलं.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, पेटवेन कधीतरी, पण आत्ता नाही, आत्ता त्याचं नाव निघालं तरी हात थरथरतात माझे. मी म्हटलं, बरं. वकीलही पुढे काही बोलला नाही.