नुसतं बघतोय

मे महिन्याचा तिसरा आठवडा म्हणजे आमच्या चिपळुणात आगोटीची घाई. सुकट, सोडे, मसाला, आमसुलं सगळं भरून ठेवायचं, लाकडं पडवीत रचायची आणि पावसाची झड आत येऊ नये म्हणून पडवीला पश्चिमेच्या बाजूने ताडपत्री बांधायची. गेल्या वर्षीच्या ताडपत्रीची पार चाळण झालेली, म्हणून बायकोने माझ्या हातावर दोन हजार रुपये ठेवले आणि सांगितलं, बारा बाय अठराची, जाड, निळी, आणि घेतलीत की सरळ घरी या. ह्या 'सरळ घरी या'मागे आमच्या सव्वीस वर्षांच्या संसाराचा इतिहास आहे.

दुकानापर्यंत मी सरळच चाललो होतो हो. पण दुकानाच्या अलीकडे एक हॉल आहे आणि हॉलच्या दारावर फ्लेक्स, भव्य ग्रंथप्रदर्शन व विक्री, आज शेवटचा दिवस. बाहेर अशी उकाड की शर्ट पाठीला चिकटून पाठीचाच भाग झालेला, आणि आत आठ पंखे गरागरा फिरताना दिसतायत. म्हटलं, नुसतं बघू.

दारातल्या टेबलावरच्या मुलाने मोबाईलमधनं डोकं वर न काढता विचारलं, "काय हवंय काका?"

"नुसतं बघतोय."

"बघा की निवांत," तो म्हणाला आणि माझ्या हातात एक प्लॅस्टिकची बास्केट दिली. माझ्यासारखे त्याने किती बघितले असतील, देव जाणे.

पुस्तकं बघणं हे किती कष्टाचं काम आहे ते घरच्यांना कधी कळत नाही. पहिला मार मानेला. आपल्याकडे निम्मे प्रकाशक पुस्तकाच्या कण्यावर नाव वरून खाली छापतात आणि निम्मे खालून वर, त्यामुळे एक रांग वाचायची तर मान डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. समोरच्या बाजूने एक गृहस्थ अशीच मान हलवत येत होते, मला वाटलं नमस्कार करतायत, मी पण मान हलवली, मग दोघंही ओशाळून मधुमेहाकडे वळलो.

मधुमेहाकडे म्हणजे त्या टेबलाकडे. शेअर बाजार, मधुमेह आणि मराठ्यांचा इतिहास हे तिन्ही विषय एकाच टेबलावर होते. आधी मला हा ढिसाळपणा वाटला, पण विचार केला तर तिन्हींचं गिऱ्हाईक एकच, नुकताच रिटायर झालेला माणूस. पलीकडे आत्मचरित्रं, त्याच्या पुढे गडकिल्ले, पक्षी, रानभाज्या, स्पर्धा परीक्षा, आणि एका कोपऱ्यात 'कोणतेही घ्या १०० रुपये' असा ढीग, त्यात लोक बाजारात बांगडे निवडावेत तशी पुस्तकं उलटीपालटी करून बघत होते. एक बाई तर वास घेऊन बघत होत्या. ह्यात हसण्यासारखं काही नाही, कोकणात पुस्तक नाकानेच घ्यावं लागतं. आधीच कुबट वास असला तर पहिल्या पावसात त्यावर बुरशी येणार, गौरी-गणपतीपर्यंत कसर लागणार आणि दिवाळीला पुस्तक उघडलंत की त्याची जाळीदार रांगोळी.

मग आलं जुन्या अभिजात पुस्तकांचं टेबल, आणि मी बास्केट खाली ठेवली. श्यामची आई तिथे एका रांगेत पाच होत्या. पाच प्रती नव्हे, पाच प्रकाशकांच्या पाच वेगवेगळ्या. ह्याचं कारण मला माहितीय (बायको म्हणते, नको ती कारणंच तुम्हाला माहिती असतात). लेखक गेल्यावर साठ वर्षांनी हक्क संपतो, साने गुरुजी गेले १९५० ला, म्हणजे २०११ उजाडलं आणि पुस्तक सगळ्यांना छापायला मोकळं. तेव्हापासून जो तो छापतोय. एका कव्हरवरची आई नऊवारीतली, कष्टाने वाळलेली, बरोबर आपल्या पालगडची, आणि शेजारच्या कव्हरवरची बघितलीत तर वाटावं ही आत्ता सिरीयलमध्ये सासू म्हणून उभी राहील. गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात अख्खं पुस्तक पाच दिवसांत लिहिलं म्हणतात, मला त्यातली एक आई निवडायला वीस मिनिटं लागली आणि शेवटी घेतली नाहीच, घरी दोन आहेत.

एवढ्यात पाठीवर थाप पडली. आमचे शाळेतले सर. वय ऐंशीच्या पुढे, आवाज अजून वर्गातला.

"काय रे, काय घेतलंस?"

"काही नाही सर, नुसतं बघतोय."

सरांच्या हातात गीतारहस्य होतं. दर प्रदर्शनात सर ते हातात घेतात, विकत घेत नाहीत, पण त्याच्या आधाराने जो सापडेल त्याला एक गोष्ट सांगतात. मी सापडलो. गोष्ट तशी झकास आहे. इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला मंडालेतनं उचललं आणि आणून ठेवलं आपल्या रत्नागिरीत, आणि रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना उचललं आणि १९०८ ला नेऊन ठेवलं मंडालेत. "म्हणजे बघ, अदलाबदल! तो इथे बसून समुद्र बघतोय, हे तिथे बसून पेन्सिलीने ग्रंथ लिहितायत!" टिळक १९१४ ला सुटले, पुस्तक १९१५ ला आलं, आणि थिबा १९१६ ला इथेच गेला. हे सगळं मी सरांकडून निदान नऊ वेळा ऐकलंय आणि नवव्या वेळीही शेवटी "हो का?" म्हटलं, कारण सर अजून उत्तरपत्रिका तपासल्यासारखे बघतात.

सर पुढच्या माणसाकडे सरकले आणि माझी नजर पडली गोडसे भटजींवर.

इथे थोडं मागे जायला लागेल. विष्णुभट गोडसे म्हणजे पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. घरावर कर्ज झालं, उत्तरेत मोठा यज्ञ आहे, दक्षिणा चांगली मिळेल असं कळलं म्हणून काकांबरोबर निघाले, आणि साल कुठलं निवडलं तर १८५७. दक्षिणेसाठी निघालेला माणूस बंडात सापडला, लुटला गेला, झाशीत राणीच्या आश्रयाला असताना शहराला वेढा पडला. दोन पैसे मिळवायला घराबाहेर पडून भलतीकडेच अडकणं ह्यात मला गोडसे भटजी फार जवळचे वाटतात. त्यांनी हे सगळं म्हातारपणी लिहून ठेवलं, ते 'माझा प्रवास'.

आणि हे पुस्तक मी आजवर तीनदा विकत घेतलंय पण एकदाही झाशीच्या पुढे गेलेलो नाही.

पहिली प्रत कॉलेजात असताना घेतली, ती भिंतीकडच्या बाजूने वाळवीने खाल्ली. त्याच फळीवर रहस्यकथा होत्या, त्यांना तिने तोंड नाही लावलं, आमच्याकडच्या वाळवीला इतिहासच लागतो. दुसरी प्रत मेहुणा मुंबईला जाताना गाडीत वाचायला घेऊन गेला, मेहुणा दरवर्षी गणपतीला येतो, पुस्तक येत नाही. तिसरी २२ जुलै २०२१ च्या पुरात. आमचं घर बाजारपेठेच्या बाजूला, तळमजला. वाशिष्ठीचं पाणी खिडकीच्या वर गेलं होतं. गावातलं १८६४ सालचं वाचनालय जिथे पाण्याखाली गेलं तिथे माझी दोन कपाटं कोण विचारतो. पाणी ओसरल्यावर मी पुस्तकं दोरीवर वाळत घातली, बायको बाजूला चादरी घालत होती, काही बोलली नाही, एक चिमटा मात्र मला दिला. वाळल्यावर गोडसे भटजी फुगून उशीएवढे झाले होते. अर्धं पुस्तक उघडायचं, पण झाशीच्या वेढ्यापासनं पुढची पानं गाळाने अशी घट्ट चिकटली होती की सुरीने सुद्धा सुटेनात. भटजी आत आणि मी बाहेर.

तर अशी ही चौथी भेट. त्यातही एक भानगड असते. १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी हे पुस्तक पहिल्यांदा छापलं तेव्हा मजकुरावर बराच हात फिरवला होता, मूळ हस्तलिखिताप्रमाणे ते दत्तो वामन पोतदारांनी आणलं १९६६ ला. त्यामुळे नवीन छपाई हातात आली की आधी आतलं पान काढून बघायचं, हे भटजी वैद्यांचे की पोतदारांचे. मी चष्मा कपाळावर ढकलून ते बारीक टायपातलं पान डोळ्याला लावून बघत होतो तेवढ्यात लाईट गेली. आठही पंखे थांबले. अंधारात कुणीतरी "घ्या!" म्हणालं, म्हणजे लाईटला उद्देशून, आपल्याकडे लाईट गेली की म्हणतातच, पण मला तो कौल वाटला. घेतलं.

एकदा बास्केटमध्ये एक पडलं की बाकीची आपोआप पडतात. कातळशिल्पांवरचं एक घेतलं, कारण सड्यावर ज्या दगडांवर आम्ही लहानपणी क्रिकेट खेळलो त्यावर हत्ती कोरलेले असतात हे मला पन्नाशीत कळलं, ह्याची लाज. आणि मग घरी जायचंय ह्या विचाराने कमलाबाई ओगल्यांची रुचिरा घेतली. ही सरळ सरळ लाच.

मुलाने मोबाईलच्या टॉर्चवर बिल केलं. "अकराशे चाळीस. काका, नुसतं बघितलंत ते बरंच झालं," म्हणाला. मेल्याला बोलता येत होतं तर.

उरले आठशे साठ. त्यात दुकानात जी ताडपत्री बसली ती सहा बाय नऊची, आठशे चाळीसला. घरी बायकोने ती उघडली, पडवीकडे बघितलं, परत ताडपत्रीकडे बघितलं.

"ही काय आहे? पडवीला सर्दी झालीय का? रुमाल आणलात तो."

मी रुचिरा पुढे केली. तिने ती हातात पण घेतली नाही, स्वयंपाकघराकडे बोट केलं. फळीवर रुचिरा उभी होती, तेलाच्या बोटांनी पिवळी झालेली. "लग्नात तीन आल्या होत्या. दोन मी दुसऱ्यांच्या लग्नात दिल्या." वाटी-चमच्याच्या मापाने लिहिलेलं ते पुस्तक १९७० पासून कोकणातल्या लग्नांतनं असंच फिरतंय, हे मला माहिती होतं, पण सांगायची ती वेळ नव्हती.

रात्री जेवणं झाल्यावर, सगळं शांत झाल्यावर, मी गोडसे भटजींना घेऊन बसलो. भराभर मागचं ओलांडलं. झाशी आली. इंग्रजांच्या तोफा सुरू झाल्या, तटावर धावपळ, पान ११२ संपलं, उलटलं, तर पान ९७. इंग्रज अजून आलेलेच नाहीत. क्षणभर बरं वाटलं, म्हटलं झाशी वाचली! मग कळलं, बाईंडिंगवाल्याने सोळा पानांचा तोच फर्मा दोनदा घातलाय. ९७ ते ११२, परत ९७ ते ११२, आणि त्यानंतर एकदम १२९. मधली सोळा पानं नाहीतच. आता १२९ पासनं पुढे वाचता आलं असतं, पण ज्या माणसाला झाशीतनं बाहेर पडताना मी बघितलाच नाही तो गंगेचं पाणी घेऊन वरसईला घरी पोचला ह्यावर मी विश्वास कसा ठेवू?

सकाळी चहासुद्धा न घेता निघालो. प्रदर्शनवाले सामान भरत असतील, टेम्पो सुटायच्या आत बदलून घेऊ. पुस्तक काखेत, खिशात उरलेले वीस रुपये.

हॉलवरचा फ्लेक्स बदललेला होता. पंखे तेच, टेबलंसुद्धा तीच, पण आत्मचरित्रांच्या जागी गाऊन, गडकिल्ल्यांच्या जागी स्टीलचे डबे, आणि अभिजात पुस्तकांच्या टेबलावर, अगदी जिथे काल भटजी भेटले त्या जागेवर, घड्या घातलेल्या ताडपत्र्यांची थप्पी. निळ्या. जाड. हात लावून बघितल्या. वर पुठ्ठ्यावर खडूने लिहिलेलं, १२ x १८, आजच्या दिवस फक्त ८५०.

मागनं आवाज आला, "काय हवंय काका?"

मी काखेतलं पुस्तक जरा आत दाबलं.

"काही नाही. नुसतं बघतोय."

त्याने माझ्या हातात बास्केट दिली.