उंदरांच्या यकृतातल्या गाठी आणि दादांची बंद केलेली गोळी

नमस्कार. नैराश्याच्या गोळ्यांनी लिव्हर (यकृताचा) कॅन्सर होतो असं दिसत नाही, या माझ्या लेखावर तुम्ही जे लिहिलंत त्याला दोन ओळींत उत्तर देणं बरोबर होणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचे आक्षेप तीन. एक, सर्ट्रालीन या नैराश्याच्या गोळीच्या माहितीपत्रकातच उंदरांच्या यकृतात गाठी झाल्याचं छापलंय, मग धोका नाही असं कसं म्हणायचं? दोन, तैवानचा अभ्यास उलट धोका कमी दाखवतो, तो कंपन्यांच्या सोयीचा आहे. तीन, तुमच्या 52 वर्षांच्या दादांचा एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) 78 आला, त्यांनी त्याच दिवशी नैराश्याची गोळी बंद केली आणि आता गुळवेलीचा काढा सुरू आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यात तातडीची आहे, पण आधी उंदरांचं बघू, कारण भीती तिथूनच आलीय.

माहितीपत्रकात ते वाक्य आहे, खरं आहे. रोज दर किलो वजनाला 10 ते 40 मिलिग्रॅम सर्ट्रालीन दिलेल्या सीडी-1 जातीच्या छोट्या उंदरांपैकी नरांच्या यकृतात अ‍ॅडेनोमा, म्हणजे कॅन्सर नसलेल्या गाठी, डोसच्या प्रमाणात वाढल्या. डोस अवाच्या सवा होता असंही नाही. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने तो माणसाच्या कमाल डोसच्या पाव पट ते एक पट येतो. पण त्याच परिच्छेदात पुढे लिहिलंय की मादी उंदरांत ही वाढ दिसली नाही, मोठ्या उंदरांच्या (रॅट) प्रजातीत नर-मादी कोणातच दिसली नाही, आणि यकृताचा कॅन्सर कुठेच वाढला नाही. या जातीच्या उंदरांत अशा गाठी काहीही न देताही होतात, कधी कमी, कधी जास्त. मिर्टाझापीन या नैराश्याच्याच दुसऱ्या औषधाच्या बाबतीत तर प्राण्यांत कॅन्सरच्या गाठीही वाढल्या होत्या. पण ते औषध डीएनएला इजा करतं असं चाचण्यांत आढळलं नाही. यकृतातली एन्झाइम्स सतत चेतवली गेल्याने उंदरांत तसं होतं, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. अशा नोंदीमुळे माणसांत लक्ष ठेवायला हवं, इतकं नक्की. माणसांत कॅन्सर होतो, असा अर्थ त्यातून निघत नाही.

आता तैवान. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या नोंदींतून यकृताच्या कॅन्सरचे 59,859 रुग्ण आणि त्यांच्याशी जुळणारे पण हा कॅन्सर नसलेले 2,85,124 लोक घेतले, आणि कोणी किती गोळ्या घेतल्या होत्या ते तपासलं. एसएसआरआय गटातल्या (सर्ट्रालीन याच गटातली) गोळ्या घेणाऱ्यांत कॅन्सर कमी आढळला. या आकड्यावर माझाही पूर्ण भरवसा नाही, पण कारण कंपन्या नव्हे. विम्याच्या नोंदींत कोण किती दारू पितो, कोणाचं वजन किती, हे नीट कळत नाही. शिवाय ज्याचं यकृत आधीच खराब आहे त्याला डॉक्टर अशी गोळी लिहायला कचरतात. मग गोळी घेणाऱ्यांत मुळातच बऱ्या यकृताची माणसं जास्त भरतात, आणि श्रेय गोळीला मिळतं. म्हणून ‘गोळीने कॅन्सर टळतो’ असं मी लिहिलं नाही, लिहिणारही नाही. मात्र गोळीने कॅन्सर वाढत असता तर एवढ्या मोठ्या आकड्यांत त्याची काही तरी खूण दिसायला हवी होती. ती दिसत नाही.

यकृताला इजा होणं आणि यकृताचा कॅन्सर होणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या प्रतिक्रियेत त्या एक झाल्यात. औषधाची इजा बहुधा पहिल्या काही आठवड्यांत-महिन्यांत होते, एलएफटीत (यकृताच्या रक्तचाचणीत) दिसते आणि औषध थांबवल्यावर बहुतेक वेळा भरून येते. कधी कधी ती गंभीरही होते: नेफाझोडोन हे नैराश्याचं औषध यकृत निकामी झाल्याच्या घटनांमुळेच 2003 च्या सुमारास युरोपच्या बाजारातून गेलं. अगोमेलाटीन हे असंच दुसरं औषध सुरू करण्याआधी आणि नंतर 3, 6, 12 आणि 24 आठवड्यांनी एलएफटी करावीच लागते; एसजीपीटी कमाल मर्यादेच्या तिपटीवर गेलं तर ते बंद. दारू जास्त असेल किंवा यकृताचा जुना आजार असेल तर ड्युलोक्सेटीन टाळतात. सिटालोप्रामचा डोस अशा रुग्णांत दिवसाला 20 मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. कॅन्सरची वाट मात्र वर्षानुवर्षांची असते आणि बहुतेकदा सिरॉसिसमधून (यकृत व्रणांनी कडक होण्यातून) जाते. त्याची मुख्य कारणं: हिपॅटायटिस बी आणि सी, दारू, लठ्ठपणा-मधुमेहासोबतचं फॅटी लिव्हर, बुरशी लागलेल्या शेंगदाण्या-मक्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष. यात गोळ्यांचा आडवळणाने संबंध येतो तो वजनामुळे. मिर्टाझापीन, पॅरॉक्सेटीन, अ‍ॅमिट्रिप्टिलीन यांनी वजन वाढू शकतं. दर महिन्याला वजन आणि कमरेचा घेर लिहून ठेवा असं मी म्हणतो ते यासाठी.

आता दादा. तुम्ही रिपोर्टमधले आकडे दिलेत ते फार बरं केलंत. एसजीपीटी 78 म्हणजे नेहमीच्या 40 च्या मर्यादेच्या दुपटीलाही थोडं कमी. बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) नॉर्मल आहे. एवढ्यावर सहसा गोळी बंद करत नाहीत. दोन ते चार आठवड्यांनी चाचणी पुन्हा करतात. पाचपटीवर गेलं, किंवा तिपटीसोबत बिलिरुबिन दुप्पट झालं, तर मात्र थांबवतात. कावीळ, गडद लघवी, अंगभर खाज असेल तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

त्यांच्या फायब्रोसिसचा, म्हणजे यकृतात व्रण किती झालेत याचा, अंदाज काढू. त्यासाठीच्या फिब-4 या आकड्याचं सूत्र: वय गुणिले एसजीओटी (यकृताचं दुसरं एन्झाइम; दादांचं 61), भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. 52 × 61 = 3172. प्लेटलेट 2.10 लाख म्हणजे 210, गुणिले 8.83, म्हणजे साधारण 1855. उत्तर 1.71. 65 वर्षांखालच्या माणसात 1.3 च्या खाली असेल तर निर्धास्त राहता येतं, 2.67 च्या वर काळजीचं. दादा मध्ये आहेत, म्हणजे फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) हवा. सोबत एचबीएसएजी आणि अँटी-एचसीव्ही, म्हणजे हिपॅटायटिस बी आणि सीच्या रक्तचाचण्या. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात या तपासण्या आणि उपचार सरकारी केंद्रांत मोफत आहेत. सिरॉसिस निघालाच तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, कायमची.

काढा आजच थांबवा. 2021 मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तरी एसजीपीटी वाढलेलं असताना त्यात काढ्याची भर नको. नाहीतर पुढचा रिपोर्ट वाढला तर गोळीमुळे की काढ्यामुळे, हे कोणालाच सांगता येणार नाही.

आणि गोळी. ती एकदम सोडल्यावर दोन-चार दिवसांत चक्कर, झोप उडणं, चिडचिड, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं वाटणं सुरू होऊ शकतं. पॅरॉक्सेटीन आणि व्हेनलाफॅक्सीनमध्ये हे जास्त; फ्लुओक्सेटीन शरीरात रेंगाळत असल्याने त्यात कमी. बंद करायचीच असेल तर आठवड्या-महिन्यांत उतरत्या डोसने, आणि शेवटचे टप्पे सगळ्यात छोटे. आता बंद झालीच आहे, तर जुना पूर्ण डोस घरच्या घरी परत सुरू करू नका. किती दिवस झाले ते मानसोपचारतज्ज्ञांना सांगा, रिपोर्ट दाखवा. दादा ‘जगण्यात अर्थ नाही’ असं काही बोलू लागले तर एकटं सोडू नका. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मराठीतही बोलतात.

दादांची गोळी कोणती आणि किती मिलिग्रॅमची होती ते तुमच्या प्रतिक्रियेत नाही. डॉक्टरांकडे जाताना औषधाची रिकामी पट्टीच सोबत न्या.