प्राण घेणारी जादू लिहिताना घ्यायची काळजी

किशोरवयीन वाचकांसाठी ऐतिहासिक अद्भुत कादंबरी लिहायला बसलाय ना? छान. आधी तीन भाग जाहीर करून टाका, पहिला लिहून व्हायची वाट बघू नका. नायिका सतरा वर्षांची, केसांत एक पांढरी बट, लहानपणीचं काहीतरी विसरलेली. आणि जादू महाग हवी. फुकटच्या जादूला हल्ली उठाव नाही. साध्या मंत्राला आयुष्याचं एक वर्ष, जरा मोठ्याला डोळा किंवा आवाज, शेवटच्याला जिवलग. दर ठरवा आणि पहिल्याच प्रकरणात म्हातारीच्या तोंडून सांगून मोकळे व्हा.

काळ यादवांचा घ्या. देवगिरीची अंधारी वाट आयती मिळते आणि 1296 साली अल्लाउद्दीन चालून येतो, म्हणजे खलनायकाचीही सोय झाली. नायिका भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा खात असेल तर खाऊ दे. मिरची इकडे पोर्तुगीजांबरोबर आली, दोनेकशे वर्षांनी; पण जी पोरगी मेलेल्यांशी बोलते तिला ठेचा थोडा आधी मिळाला तर कोणाचं काय बिघडतं?

पथ्य एकच. जादूची किंमत खरोखर कोणी मोजली, हे इतिहासात बघायला जाऊ नका. तुमच्याकडे ज्याचा मंत्र त्याचाच प्राण, असा चोख हिशेब असतो. तिकडे तसा नसतो.

पुरंदरचंच बघा. किंवा बघू नका. शेंदऱ्या बुरूज बांधावा आणि खचावा, असं चाललेलं. मग बेदरच्या बादशहाला स्वप्न पडलं, की पायात जेठा मुलगा आणि त्याची बायको पुरली तर बुरूज उभा राहील. स्वप्न बादशहाचं; पुरलं गेलं बहिरनाक सोननाक या महाराच्या पोराला, नाथनाकला, आणि त्याच्या बायकोला, देवकाईला. जिवंत. बुरूज उभा राहिला. ज्या येसाजी नाईकाने ही जोडी हजर केली त्याला किल्ला मिळाला, पोराच्या बापाला गावं इनाम. पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये नावानिशी छापलेली कथा आहे ही. दंतकथाच असेल, मान्य. पण दंतकथेतसुद्धा बादशहाच्या स्वतःच्या जेठ्या मुलाचं नाव कोणाला सुचलं नाही.

ही गोष्ट तुम्ही लिहाल तेव्हा नाथनाक आपणहून खड्ड्यात उतरेल, डोळ्यांत तेज वगैरे, आणि देवकाई त्याचा हात घट्ट धरेल. वाचक रडतील. मूळ कथेत त्या दोघांना कोणी काही विचारलं, असं कुठे येत नाही. तेवढं गाळलं की प्रकरण उत्तम जमतं.

मुक्ताबाईवरही तुमची नजर जाणार, मला माहीत आहे. काळ यादवांचाच, पोरवय, तिखट जीभ, समोर वाघावर बसून आलेला चौदाशे वर्षांचा चांगदेव, बुडाखाली चालती भिंत. मोह आवरा. भिंत चालली आणि कोणी मेलं नाही, अशा जादूवर तीन भाग कसे निघणार? शिवाय किंमत आधीच चुकती झालेली. संन्याशाची पोरं म्हणून वाळीत पडलेल्या या चार भावंडांना जातीत घ्यावं, यासाठी आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, असं परंपरा सांगते. दर लावणारा कोणी कपाळावर शिंगं असलेला नव्हता, गावातलीच शास्त्र जाणणारी मंडळी होती. आणि आईबाप गेल्यावरही पोरांना शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट धरावी लागली. पैसे घेऊन माल न देणारा राक्षस तुमच्या कादंबरीत चालणार नाही, वाचक म्हणतील नियम पाळत नाही.

अलीकडचा काळ तर अजिबात नको. परभणी जिल्ह्यातलं मानवत, 1972 ते 1974, गुप्तधनाच्या हव्यासातून झालेले खून. धन हवं होतं मोठ्यांना, रक्त लागलं लहान मुलींचं. तुमच्या वाचकांहूनही लहान. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. यात नायिका कुठे बसवाल? इथे मुलीच्या वाट्याला एकच काम येतं, आणि ते पहिल्या पानावरच संपतं.

नरेंद्र दाभोलकरांची गोष्ट घ्यावी असं कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. एक माणूस वर्षानुवर्षं जादूटोण्याविरुद्ध कायदा मागतो, सरकारं येतात-जातात, कायदा काही होत नाही. 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी पुण्यात त्याला गोळ्या घालतात आणि त्याच आठवड्यात अध्यादेश निघतो, डिसेंबरात विधेयक मंजूर. कुठलाही जाणता संपादक यावर लाल पेन चालवेल. नरबळी थांबवणाऱ्या कायद्यालाच आधी बळी लागतो, हे फार ओढूनताणून वाटतं हो, लेखकाने जरा संयम ठेवायला हवा होता.

मुखपृष्ठावर मात्र बुरूज जरूर घ्या. छान येतात बुरूज, मागे चंद्र, वर उडते केस. पायाकडचा भाग तेवढा चौकटीबाहेर ठेवायला चित्रकाराला सांगा. तिथे नाहीतरी नावाचीच जागा असते, लेखकाच्या.