"जर्मनीत काय बाई, सगळं फुकट!"

खरंच डोकं फिरतं आता हे ऐकून. दर रविवारी घरी व्हिडिओ कॉल लावला की आईच्या बाजूला कोणीतरी बसलेलंच असतं, मामी नाहीतर शेजारच्या काकू, आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "तुझं बरंय, तिकडे शिक्षण फुकट!"

अहो, सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नसते हे खरंय, पण मी बाडेन-व्युर्टेमबर्ग या राज्यात आहे आणि इथे २०१७ पासून आपल्यासारख्या युरोपबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १५०० युरो भरावे लागतात. आणि व्हिसासाठी आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे एकदम पैसे काढता न येणाऱ्या खात्यात, ११,९०४ युरो टाकले ते कुठून आले? दहा लाख रुपयांच्या वर जातात ते, पैसे आपलेच पण हातात महिन्याला ९९२ युरोच येतात, त्यातच रूमचं भाडं, हेल्थ इन्शुरन्स, किराणा, सगळं. बाबांनी घर तारण ठेवून लोन काढलंय हो! आणि ते तिथेच मागे पेपर घेऊन बसलेले असतात, एक शब्द बोलत नाहीत, ते मला बघवत नाही.

वर सल्ला, "मग पार्ट टाइम कर की." करतेच आहे ना, पहाटे साडेचारला उठून बेकरीत जाते आणि तिथून थेट लेक्चरला. त्यालाही वर्षाला १४० पूर्ण दिवसांची मर्यादा आहे, वाट्टेल तेवढं काम नाही करता येत.

परवा मामीला हे सगळं नीट सांगितलं, आकड्यांसकट. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण फी तरी कमीच ना?"