पिशव्या धरणारी बाई डिस्नेला जाते

आपल्याकडं बाईनं कोर्टात एकटीनं गेलेलं चालतं. बँकेत चालतं. सासूबाईंना रात्री दोनला दवाखान्यात एकटीनं नेलं तर वर्षभर कौतुक होतं. काशीला एकटी गेली तर पुण्यच. फक्त मजा करायला एकटी गेली की "घरात काही बिनसलंय वाटतं" असं गल्ली ठरवून टाकते.

दिवाळीनंतर मी टोकियोच्या डिस्नेला जाऊन आले. एकटीच. तिकडं ना लेक, ना सून, ना कसलं काम. हळदीच्या अडतीवर हिशेब लिहिणाऱ्या बाईला कोण जपानला पाठवतंय! पोरं आपापल्या नोकरीत. नवरा सांगलीत होता आणि मजेत होता. त्याला आकाशपाळण्याकडं खालनं बघितलं तरी गरगरतं. "तू जा की, मला त्यात बसवू नको म्हणजे झालं," एवढंच त्याचं म्हणणं. फोटो टाकल्यापासून विचारणा थांबेनात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. लांबलंय, चहा घेऊन बसा.

सगळ्यात जास्त वेळा आलेला शेरा: "वहिनी, ते लहान मुलांचं असतंय ना?"

नसतंय. कॅलिफोर्नियातलं पहिलं डिस्नेलँड 1955 साली उघडलं. ते कसं सुचलं हे वॉल्ट डिस्ने स्वतः सांगायचा. शनिवारी तो दोन्ही लेकींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये मेरी-गो-राउंडवर न्यायचा. पोरी घोड्यांवर, आणि हा बाकड्यावर शेंगदाणे खात बसलेला. बसून बसून त्याच्या डोक्यात आलं की पोरांबरोबर आईबापालाही मजा करता येईल अशी एखादी जागा का नसावी? म्हणजे एवढी सगळी उलाढाल उभी राहिली ती बाकड्यावर कंटाळलेल्या एका मोठ्या माणसामुळं.

आम्हाला तर बाकडंही नसायचं, उभंच राहायचं. मिरजेचा उरूस असो नाहीतर श्रावणात हरिपूरच्या संगमेश्वराची जत्रा, पाळणे आले की ठरलेलं. पोरं, दीर, भाचरं सगळी वर, आणि आम्ही जावा-जावा खाली पिशव्या, चपला आणि कुणाचा तरी चष्मा धरून. कोलंबस वर गेला की खालनं हात हलवायचा. कुणी अडवलं होतं असं नाही हं. कुणी "ये" म्हणलं नाही आणि आपण "मी पण" म्हणलं नाही. पिशव्या कुणीतरी धरायलाच लागतात, आणि ते कुणीतरी दरवेळी साडी नेसलेलंच असतं.

आता डिस्नेकडं वळते. टोकियो डिस्नेलँड टोकियोत नाहीच, शेजारच्या चिबा प्रांतात उरायासू इथं आहे. पूर्वी ती कोळ्यांची वस्ती. खाडीत भराव टाकून जमीन केली आणि 15 एप्रिल 1983 ला अमेरिकेबाहेरचं पहिलं डिस्ने पार्क तिथं उघडलं. मालकी डिस्नेची नाही, ओरिएंटल लँड या जपानी कंपनीची. डिस्नेला रॉयल्टी जाते. (हिशेब लिहिणाऱ्याला आधी हेच दिसणार.) शेजारी 2001 मध्ये दुसरं पार्क झालं, डिस्नेसी. समुद्र, बंदरं, जहाजं असा त्याचा सगळा थाट. मी तेवढंच केलं, दोन्हींची हाव धरली नाही. टोकियो स्टेशनवरनं केइयो लाइन या रेल्वेनं माइहामा, म्हणजे डिस्नेचं स्टेशन, जवळच आहे. पण त्या स्टेशनात या लाइनचा फलाट इतका लांब आणि खोल आहे, की तिथवर चालत जाण्यातच निम्मा दम जातो.

गेटवरची गर्दी बघितली आणि माझा उरलासुरला संकोच गेला. शाळेच्या युनिफॉर्ममधल्या पोरींचे घोळके होते, त्यातल्या काही शाळा सोडून बरीच वर्षं झालेल्या. हौसेनं युनिफॉर्म घालून यायची तिथं पद्धतच आहे. साठीच्या बायका कानवाल्या टोप्या घालून. पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ, गळ्यात पॉपकॉर्नचा डबा आणि काखेत डफी नावाचं खेळण्यातलं अस्वल. येणाऱ्यांत मोठी माणसं निम्म्याहून कितीतरी जास्त असतात, हे कंपनीच्याच आकड्यांत आहे. एकटं येणारेही भरपूर. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. सांगलीत मी नवा ड्रेस घालून हरभट रोडला गेले तरी याहून जास्त माना वळतात.

एकटं जाण्याचा पहिला रोकडा फायदा रांगेत कळला. काही राइड्सना 'सिंगल रायडर' अशी वेगळी रांग असते. जोड्या-जोड्यांनी माणसं बसवताना एखादी खुर्ची रिकामी राहते, तिथं एकट्याला बसवतात. रेजिंग स्पिरिट्स नावाची एक गाडी आहे, तिला एक पूर्ण गोल वेढा आहे, डोकं खाली पाय वर. मोठी रांग तासाभराची होती. मी बाजूच्या रांगेतनं बघता बघता पुढं. शेजारी विशीतली एक पोरगी आली. दांडा खाली आला, गाडी चढायला लागली, आणि आमच्या दोघींच्या लक्षात आलं की आता उतरता येत नाही. वेढ्यात मी "आई गंऽऽ" म्हणून ओरडले ते सांगलीपर्यंत ऐकू यायला हरकत नव्हती. पोरगी घाबरायची सोडून हसायला लागली. खाली उतरल्यावर तिनं वाकून नमस्कार केला, मीही केला, आणि ती मैत्रिणींकडं पळाली. मी परत रांगेत. कुणाला विचारायचं नव्हतं, "अजून एकदा बसू का?"

सगळं असंच आरडाओरड्याचं नसतं. मला आवडलेली राइड एकदम संथ आहे. अरेबियन कोस्ट भागात सिंदबादची होडी. आपण नावेत बसायचं आणि दोन्ही बाजूंना सिंदबादच्या सफरी, शेकड्यानं हलत्या बाहुल्या. आधी ही राइड जरा भीतीदायक होती म्हणे. 2007 मध्ये तिच्यात नवं गाणं घातलं आणि सिंदबादला सोबतीला वाघाचं एक पिल्लू दिलं. पिल्लाचं नाव चंदू. खरंच चंदू! दुकानात चंदूच्या बाहुल्या, चंदूची शेपटी असलेले बन. आमच्या अडतीवरच्या हमालांतही एक चंदू आहेत. त्यांच्यासाठी एक बाहुली आणली. ते म्हणाले, "ताई, आमच्या नावाचा वाघ जपानात आहे, आणि हितं आम्हाला मांजर भीत नाही."

आता जरा सांगलीकर म्हणून बोलते. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात नाटक उभं केलं, मराठी रंगभूमीची सुरुवात आपण तिथनं धरतो. मी स्वतः राज्य नाट्यस्पर्धेच्या नाटकांना वर्षानुवर्षं विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलंय. त्यामुळं माझी नजर पडद्यामागंच जाते. डिस्नेत नोकरांना नोकर म्हणत नाहीत, 'कास्ट' म्हणतात. युनिफॉर्मला कॉस्च्युम. लोक फिरतात ती जागा स्टेज, आतली ती बॅकस्टेज. नुसतं बोलायला नाही, पाळतात. इटलीच्या बंदराचा देखावा आहे, तिथल्या कितीतरी खिडक्या भिंतीवर नुसत्या रंगवलेल्या. हात लावून बघितल्याशिवाय पटत नाही. दुसऱ्या एका भागात लोखंडावर गंज चढलाय, तोही रंगवलेला! आपल्याकडं खरा गंज रंग देऊन लपवतात, इथं नवं लोखंड जुनं दिसावं म्हणून माणूस कामाला लावलाय. त्या गंजाकडं मी किती वेळ बघत बसले असेन. ओघळ कुठनं सुरू होणार, बोल्टच्या खाली की वर, याचासुद्धा विचार केलेला. आणि एक झाडणारा पोरगा. झाडता झाडता थांबला, ओला झाडू फरशीवर टेकवला आणि दोन-चार फटकाऱ्यांत मिकीचं तोंड काढलं. डोळ्यातली चमक तेवढी कोरडी सोडली. लोक जमले, फोटो काढले, पाणी वाळलं, चित्र गेलं. पोरगा तोवर पुढचा कोपरा झाडत होता.

हे सगळं वरवरचं गोड बोलणं असतं असं मलाही वाटायचं. पण 11 मार्च 2011 च्या भूकंपाची हकिगत वाचली होती. त्या दिवशी दोन्ही पार्कांत मिळून सुमारे 70 हजार माणसं होती. या कास्टनं, त्यातले बरेच पार्टटाइम, दुकानातली अस्वलं उचलून लोकांना दिली, डोक्यावर धरायला. बिलाचं कुणी विचारलं नाही. हजारो लोक रात्री तिथंच राहिले. गाडीतळावर भरावाची जमीन फुटून चिखल वर आला, पण पार्काखालची जमीन आधीच ठोकून घट्ट केलेली होती, ती टिकली. डिस्नेलँड परत उघडलं 15 एप्रिलला, म्हणजे बरोबर त्याच्या वाढदिवशी. 2019 चा पूर ज्यांनी सांगलीच्या पेठेत काढलाय त्यांना, वेळेला कोण काय उचलून देतं याची किंमत मी सांगायला नको.

आता कुणी म्हणेल, "म्हणजे नेपथ्याचा अभ्यास करायला गेला होता म्हणा की." विमानतळावर मीही मनातल्या मनात हेच उत्तर तयार करत होते. पण ती पुन्हा सबबच झाली. देव नाही, पोर नाही, तर निदान अभ्यास! तसं काही नाही. मला पाळण्यात बसायला आवडतं. पन्नाशीतही आवडतं. एवढ्यासाठीच गेले होते आणि हे लिहायला मला काही वाटत नाही.

सगळं गोडगोडच होतं असंही नाही. तिथं पैशाचं गणित बेरकी आहे. तिकिटाचा दर दिवसागणिक बदलतो, मोठ्यांना 7,900 ते 10,900 येन, म्हणजे आपले साधारण साडेचार ते सहा हजार रुपये. त्यावर आणखी पैसे भरले तर ठरावीक राइड्सची रांग टाळता येते. हे मला आवडलं नाही. देवळात व्हीआयपी दर्शनाला नावं ठेवायची आणि इथं मोबाईलवर बटण दाबायचं, हे मला जमणारं नव्हतं, आणि परवडणारंही नव्हतं. फँटसी स्प्रिंग्स हा जून 2024 मध्ये उघडलेला नवा भाग मी बाहेरनंच बघितला. टोप्या, डबे, लॉकेटं, सगळीकडं खिशात हात घालायला लावतात. विमानाचं आणि हॉटेलचं मिळून किती झाले, हे विचारणाऱ्यांना एवढंच सांगते: भिशीतनं काढलेत, कर्ज नाही. पुतणीच्या लग्नातल्या आहेराचं कुणी विचारलं नव्हतं.

खायचे हाल होतात. जपानी रश्शात माशाचा अर्क असतो, दिसायला साधं सूपसुद्धा. करीचा वास आला म्हणून हुरळून जाऊ नका, त्यातही मांस असतं. कॅरामल पॉपकॉर्नवर किती वेळ काढणार? बाहेरचे पदार्थ आत नेता येत नाहीत, पण गेटबाहेर डबा खायला बाकडी ठेवलीत. तिथं बसून मी सांगलीचं भडंग खाल्लं. लसूण जरा जास्तच होता. शेजारचं कुटुंब नम्रपणे पलीकडच्या बाकावर गेलं.

आणि एकटं असण्याची खरी अडचण कुठं येते माहितीये? रात्री बंदराच्या पाण्यावर दिव्यांचा खेळ असतो. लोक आधीपासनं चटई अंथरून जागा धरतात, आणि नियम असा की चटईवर एक माणूस कायम हवं. एकटीनं बाथरूमला कसं जायचं? खाडीवरनं वारं असं येत होतं की प्रश्न वरचेवर पडत होता. मी चुळबुळ करताना शेजारच्या एका आजींनी बघितलं. भाषा नाही काही नाही. त्यांनी माझी पिशवी उचलली, स्वतःच्या मांडीवर ठेवली आणि हातानं "जा जा" केलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझी पिशवी धरली होती. परत आल्यावर त्यांना भडंगाची पुडी देणार होते, पण दुपारचा अनुभव आठवला आणि राजगिऱ्याचा लाडू दिला. (हो, होता पिशवीत. नियम मोडला. औषधाच्या डब्यात होता.)

कुणाची आठवण आली नाही का, असंही एका वहिनींनी विचारलंय. आली ना. गाडी वेढ्यातनं बाहेर आली तेव्हा धाकट्या जावेची आली. ती माझ्याहून धीट, लग्नाआधी विहिरीत सूर मारायची. जत्रेत चपलांचा ढीग तिच्याकडंच असायचा. नवऱ्याची आठवण रात्री हॉटेलात आली. तेव्हा सांगलीत संध्याकाळ होती, आपण साडेतीन तास मागं. फोनवर त्यानं भाजी कुठली केली ते सांगितलं, मी वेढ्याचं सांगितलं. त्याला ऐकूनच गरगरलं.

इनबॉक्समध्ये तिघी-चौघींनी विचारलंय, "पुढच्या वेळी आपण सगळ्या मिळून जाऊया का?" जाऊया की. व्हिसा आणि तिकिटं मी बघते, जावेला तर ओढूनच नेणार आहे. पण एक अट आत्ताच सांगून ठेवते. गेटमधनं आत गेलो की जिची तिची वाट वेगळी, पिशव्या लॉकरमध्ये, आणि भेटायचं ते रात्री नऊला, बंद होताना, गोल कारंज्यापाशी.