मुंबईची बेटे, कॅरिबियनची बेटे

मुंबई कोकणात मोडत नाही, असा वाद गावाकडच्या आमच्या मंडळींत सध्या रंगला आहे. मुंबई मुळात सात बेटांची, इंग्रजांच्या काळात भराव घालून जोडलेली, आणि कोकण म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याची सलग पट्टी, हेच कारण प्रत्येक वेळी पुढे केले जाते. त्रिनिदादच्या राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनमध्ये बसून हे वाचताना माझा संताप होतो, कारण मी ज्या कॅरिबियन प्रदेशात राहतो तो या कसोटीवर क्षणभरही टिकणार नाही.

त्रिनिदाद हा दक्षिण अमेरिकेपासून तुटलेला तुकडा आहे. इथल्या जंगलात तिथलीच माकडे ओरडतात आणि व्हेनेझुएलाचा किनारा अवघ्या ११ किलोमीटरवर आहे. बार्बाडोस कॅरिबियन समुद्रात नव्हे, अटलांटिक महासागरात आहे. गयाना तर बेटच नाही, तरीही कॅरिकॉम या कॅरिबियन देशांच्या संघटनेचे मुख्यालय तिथल्या जॉर्जटाउनमध्येच आहे आणि त्यावर कुणी हरकत घेतल्याचे मी इथे ऐकलेले नाही. या सगळ्यांना एकत्र बांधले ते उसाच्या मळ्यांनी, त्यांवर राबवलेल्या आफ्रिकी गुलामांनी आणि १८३८ साली गुलामगिरी पुरती संपल्यावर त्याच मळ्यांसाठी कलकत्त्याहून जहाजांत भरून आणलेल्या गिरमिटियांनी, म्हणजे करारबद्ध भारतीय मजुरांनी. वेस्ट इंडीजचे १९५८ चे संघराज्य जमैकाने अंग काढून घेताच १९६२ मध्ये मोडले, हे खरे. पण क्रिकेटचा संघ टिकला आणि १९४८ पासूनचे सामाईक विद्यापीठही टिकले.

आता मुंबईकडे पाहा. गिरणगावात कोकणातल्या एकेका गावाची खोली असे. दिवसपाळीची माणसे कामावर गेली की त्यांच्याच जागेवर रातपाळीची माणसे अंग टाकत. भिंतीशी ज्याची त्याची ट्रंक असे आणि पगार झाला की मनीऑर्डर गावी जाई. माझे आजोबा अशाच एका खोलीतून परळच्या गिरणीत जात. त्या मनीऑर्डरींवर ज्यांची घरे उभी राहिली, त्यांच्याच नातवंडांनी आज खाडीची रुंदी मोजून नाते नाकारावे, हे मला सहन होत नाही.

लांब राहून बोलणे सोपे असते, असे मला सुनावले जाते. पण मला हे उमगले ते लांब राहूनच. गिरमिटियांना घेऊन आलेले ‘फातेल रझाक’ हे पहिले जहाज १८४५ मध्ये इथे पोहोचले, म्हणून ३० मे रोजी सुट्टी असते. त्या दिवशी शेजारच्या आजी अंगणात बांबूवर लावलेल्या झेंड्या, म्हणजे पूजेच्या पताका, बदलता बदलता मला विचारतात, ‘तुमची माणसे कोणत्या जहाजाने आली?’ आमचे देव जुळतात, चेहरे जुळतात, पण मी नोकरीचे कंत्राट घेऊन विमानाने आलो. मळ्यांचा तो इतिहास त्यांच्या वाट्याचा आहे, माझ्या नाही, त्यामुळे इथे कितीही वर्षे काढली तरी मी कॅरिबियन ठरणार नाही. माझ्याच म्हणण्यातून निघणारा हा निष्कर्ष मला मान्य करावा लागतो आणि तो मला लागतो. तेव्हा मुंबईत जन्मलेल्या माझ्यासारख्यांना नकाशावर रेघ ओढून कोकणाबाहेर काढणाऱ्यांशी मी भांडणारच. सरकारदरबारीसुद्धा मुंबई कोकण विभागातच मोजली जाते, एवढे तरी त्यांनी आधी पाहून घ्यावे.