कितें पडलें रे?

स्वतःच्या परसात, स्वतःच्या कढीलिंबाखाली, सकाळी सव्वानऊ वाजता गुडघ्यांवर बसायला माणसाला कारण लागू नये. पण लागतं. ते मी तयार ठेवलं नव्हतं, आणि तेवढ्या एका गाफीलपणापायी गेले चार दिवस आमच्या तांदळाच्या डब्यात परक्याची चावी पुरून ठेवलेली होती.

मी फुलपाखरं मोजत होतो, बस. २०२० पासून आपल्या देशात सप्टेंबर हा फुलपाखरांचा महिना, ‘बिग बटरफ्लाय मंथ’, म्हणून पाळतात. कुठे जायला नको, आपल्या दारात बसून दिसेल ते लिहायचं. मी माझ्यापुरता नियम घालून घेतला आहे: रोज १५ मिनिटं, एकच जागा, एक वही.

ही वही आता बरीच बोलकी झाली आहे. मे महिन्याची पानं बघवत नाहीत. कण्हेरीभोवती घुटमळणारे दोन कॉमन क्रो, आणि दिवेलागणीला घरात घुसून ट्यूबलाइटवर डोकं आपटणारा एखादा इव्हनिंग ब्राऊन, तोही वाळक्या पानाचा वेष घेतलेला. पावसाळ्यात याच जातीच्या पंखांवर ठळक डोळे उमटतात. (आमच्या भिंतींवर त्याच सुमारास बुरशी उमटते. ज्याचं त्याचं नशीब.) जुलैची पानं जवळजवळ कोरी, कारण त्या महिन्यात मीही आडोशाला आणि तीही. पण आत काम चालू असतं. पहिल्या सरींबरोबर टाकळा उगवतो. आम्ही त्याला तायकिळो म्हणतो. कोवळा असतो तोवर त्याची भाजी करून खातो, मग ग्रास यलोच्या अळ्यांची पंगत बसते. श्रावण उतरायला लागला की पिटकोळीच्या फुलांवर रहदारी सुरू. ब्लू मॉरमॉन तर असा येतो, की जणू भाडं वसूल करायला आला आहे. पुण्याचा मेहुणा आला की त्याच्याकडे बोट दाखवून म्हणतो, ‘हे आमचं.’ महाराष्ट्राने २०१५ साली त्याला राज्य फुलपाखरू केलं, हे खरं आहे. पण इथे गोव्यात पिटकोळीला पाणी मी घालतो.

असो. तर मी कढीलिंबाची पानं उलटी करून बघत होतो, आणि गडग्यावरून आवाज आला.

“कितें पडलें रे?”

शेजारचे भाई. वय ७६. कमरेला पंचा, पंच्याच्या कनवटीला अर्धा संसार, आणि दुसऱ्याच्या संकटाचा वास यायचा अवकाश की हजर. माणूस लाखात एक. तीच तर अडचण आहे.

“कांय ना, भाई.”

“कांय ना जाल्यार दिंबयेर कित्याक बसला?”

काही नाही तर गुडघ्यांवर कशाला? प्रश्न बिनतोड होता. गेल्या वर्षी याच प्रश्नाला मी खरं उत्तर दिलं होतं. कोंकणीत फुलपाखराला पिसोळें म्हणतात आणि वेड्याला पिसो. या दोन शब्दांत जेमतेम एका अक्षराचं अंतर आहे आणि भाईंनी ते देवळाच्या पायरीवर, दहा माणसांत, एका दमात पार केलं. तेव्हापासून पदेरसुद्धा मला पाव देताना विचारतो, “आज कितलीं?” त्यामुळे या खेपेला मी खोटं बोललो.

“चावी,” म्हटलं. “चावी पडली.”

चावी हा शब्द पोर्तुगिजांचा. ४५१ वर्षांत त्यांनी इथे काय काय आणलं, त्यातलं नेमकं हेच त्या क्षणी माझ्या तोंडात यावं!

“राव रे, हांव येतां.”

‘थांब, मी येतो.’ एवढं कानावर पडलं की आमच्या वाड्यावरची माणसं फुलदाण्या उचलून आत नेतात. भाई गडगा ओलांडून आले. मागोमाग नातू आला. रस्त्यावरून उशिरा निघालेला पदेर चालला होता, त्याने सायकल स्टँडला लावली आणि तोही आला. आणि मग चौकशी.

“चावी ल्हान काय व्हड?”

“लहान.”

“पितळेची काय लोखणाची?”

“पितळेची,” मी म्हणालो. खोटं बोलताना माणसाला तपशिलाचा मोह का होतो, कळत नाही.

“कसली? कपाटाची?”

“…हो.”

“कपाटाची चावी घेवन तूं कडीपत्त्याखाला कित्याक आयलो?”

यावर मी खोकलो. भाईंनी नातवाला एका कोपऱ्यापासून चालत यायला सांगितलं, पाय घासत, म्हणजे चावी असेल तर पायाला लागेल. नातू पाय घासत माझ्या खुळखुळ्याच्या झुडपातून आला. तो खुळखुळा मी तीन वर्षं जपला आहे. ब्लू टायगरचे नर त्याच्यावर येऊन बसतात आणि त्यातली रसायनं चोखतात. माद्यांना भुलवण्यासाठी अंगाला जो गंध लागतो, तो त्यांना त्यातून बनवायचा असतो. थोडक्यात, ते अत्तराचं दुकान होतं. आता तिथे १० नंबरच्या रबरी चपलेचे ठसे आहेत.

तेवढ्यात भाई लिंबाच्या रोपापाशी थांबले. रंगाच्या डब्यात लावलेलं हातभर रोप, आणि त्याच्यावर लाइम बटरफ्लायच्या ७ अळ्या. सातही माझ्या वहीत तारीखवार. पाच अजून लहान, पक्ष्याच्या शिटेसारख्या. त्यांचा वेषच तो, कोणी खाऊ नये म्हणून. दोन मोठ्या, हिरव्यागार, एकदोन दिवसांत कोष करतील अशा.

“अरे! कीड लागल्या मरे ह्या झाडाक!”

“राहू द्या, भाई—”

पण भाईंचं बोट पोचलं होतं. अळीने डोकं वर केलं आणि मानेमागून नारिंगी रंगाची दुबेळकी शिंगं बाहेर काढली. धोका दिसला की ती हेच करते, सोबत एक उग्र वास सोडते. मुंग्या पळतात म्हणे. भाई एक पाऊल मागे सरले.

“शिंगां दाखयता! म्हाका शिंगां दाखयता!”

उभ्या आयुष्यात कोणी त्यांच्यावर आवाज चढवला नसेल, आणि ही बोटभर अळी. त्यांनी खाली पडलेलं एक फणसाचं पान उचललं, सातही अळ्या शिस्तीत त्याच्यावर घेतल्या आणि पान गडग्यापलीकडे भिरकावलं. पलीकडे त्यांच्या कोंबड्या असतात. पुढचे आवाज मी सांगत नाही.

मग हात झटकून मला म्हणाले, “लिंबां येतलीं आतां. म्हाका दोन दी.”

तोंडावर आलेलं गिळलं. बोलणार तरी काय? सात किडी वाचवायच्या होत्या म्हणू? म्हणजे पुन्हा देऊळ, पुन्हा पायरी. आणि इतक्यात पदेर ओरडला.

“मेळ्ळी!”

त्याच्या हातात खरोखरच चावी होती. मोठी, लोखंडी, काळी.

भाईंनी ती वरखाली केली. “तूं तर ल्हान म्हणटालो. पितळेची.”

“मोठीच आहे तशी,” मी म्हणालो. “देव बरें करूं.”

पदेराने ‘देव बरें करूं’ ऐकून घेतलं आणि दोन पाव जास्त खपवले.

संध्याकाळी भाईंच्या घरात कालवा. परसातल्या खोलीची चावी मिळत नाही. सकाळी तर कनवटीला होती. भाई माझ्याकडे किती वेळा वाकले होते आणि कनवटीतून काय काय सांडलं असेल, हा हिशोब मी बसल्या जागी केला आणि घाम फुटला. म्हणजे भाईंनी स्वतःचीच चावी वरखाली करून, मला देऊन, वर माझ्याकडून आभारही मानून घेतले होते.

तशीच उठून नेऊन द्यायला हवी होती. पण त्या खोलीत भाईंचा ग्रास कटर आहे.

आता इथे मला थट्टा सुचत नाही. चवथ आठ दिवसांवर आली की आख्खा गाव रान काढायला निघतो. भाई आधी त्यांचं परस भादरतात, मग रस्त्याची कड, मग न विचारता माझी. उपकार म्हणून. फुलपाखरांचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरला भरात येतो आणि त्याच मुहूर्तावर आम्ही त्यांचं जेवणघर कापून पेटवून देतो. टाकळा गेला, गवत गेलं, रुई गेली, रुईवरच्या प्लेन टायगरच्या अळ्या गेल्या. आणि नंतर हीच माणसं डोंगर पालथा घालून गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीला, म्हणजे फळापानांनी सजवलेल्या चौकटीला, बांधायला कवंडळां आणि कांगलां ही रानफळं शोधत फिरतात. बाजारात त्याच कांगल्यांचे भाव ऐकून हळहळतात, की रानं राहिली नाहीत. ज्यांना हेही झेपत नाही त्यांनी अंगणभर पेव्हर घातले आहेत. माझ्या वहीत पाच घरांचे पेव्हर आहेत, तारखेसकट. फुलपाखरांच्या वहीत पेव्हर का लिहितो, असं बायको विचारते. तिला मी अजून चावीचंही सांगितलेलं नाही.

तर चार दिवस झाले, ग्रास कटर गप्प आहे. टाकळा कमरेपर्यंत आलाय. लिंबाच्या कोवळ्या पानावर काल मोहरीएवढी दोन पिवळट अंडी दिसली. भाई रोज गडग्यावरून विचारतात, “कपाट उगडलें मरे?” मी म्हणतो, उघडलं.

पण माटोळीची चौकटही त्याच खोलीत आहे. भाईंच्या वडिलांच्या वेळची. ती बाहेर निघायला हवी, त्याला इलाज नाही. म्हणून आज पहाटे अंधारातच मी चावी घेऊन गेलो. भाईंच्या तुळशीमागे, झेंडूच्या रोपांत, सहज पडल्यासारखी टाकायची असा बेत. खाली वाकलो, गुडघे टेकले.

खिडकीत दिवा लागला.

“कितें पडलें रे?”